अकरा पौंड जादा

बूट तिथंच काढा, शेकोटीपाशी. सकाळपर्यंत वाळतील.
सात नंबरची खोली मागितलीत ना तुम्ही?
सगळे तीच मागतात.

तर ऐका. लेडी अरबेला.
करडा झगा, हातात विझलेली मेणबत्ती.
नवरा राजाच्या बाजूनं लढायला गेला तो आलाच नाही,
म्हणून जिन्याच्या नवव्या पायरीवर तिनं वाट पाहिली
आणि अजून पाहते.
इथवर आलं की पाहुणे घोट घ्यायचं विसरतात.
तेवढ्यात मी आगीत लाकूड सरकवते. ठिणग्या उडतात.
हे सासऱ्यानं शिकवलं.

तुम्ही वर गेलात की मागं उरतं ते असं :
अठ्ठावन्न साली नवा रस्ता दरीपलीकडून गेला
आणि ऑल्डरक्लफच्या माळावर आमची ‘तीन टिटव्या’ ओस पडली.
पिंपातली बिअर आंबली.
सासरा, एमस टनिक्लिफ, तीन रात्री हिशेबाकडं बघत बसला
आणि चौथ्या सकाळी या घरात एक बाई मेली,
तीनशे वर्षांपूर्वी.

अरबेला हे त्याच्या कबुतराचं नाव.
शर्यतीतलं. त्याच आठवड्यात ससाण्यानं नेलेलं.
तेही करडंच होतं.
पायरीचा खिळा त्यानं स्वतः ढिला केला,
आणि माझ्या लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मला दाखवला,
दुसऱ्या घरांत सुनेला चांदीचे चमचे दाखवतात तसा.

मागच्या मार्चात तळघरात पाणी शिरलं.
फळ्या उचकटल्या तर खाली वही, मेणकापडात गुंडाळलेली,
सतराशे त्र्याऐंशीची.
ओट्स. गवत. पाद्रीबुवांची ब्रँडी, उधार.
आणि जानेवारीत एक ओळ :
तबेल्यातला पोर, घोडीची लाथ. पेटी, चार शिलिंग.
तिच्याखाली :
घोडीच्या पायाला मलम, सहा शिलिंग.
पोराचं नाव नाही.
घोडीचं आहे. ज्युनो.

एका शनिवारी मी त्याची गोष्ट सांगून पाहिली.
लीड्सचं जोडपं होतं, भूत मोजायची यंत्रं घेऊन आलेलं.
दिसतो कुठं तो?
दिसत नाही.
मग आवाज?
नाही.
ते सभ्यपणे चिप्स खात राहिले.
तबेल्याची आता जेवणाची खोली झालीय. तिथंच बसले होते ते,
हीटरजवळ.

जूनमध्ये एनॉक सुतारानं किडलेला जिना काढला. अख्खा.
नवं ओक, नवे खिळे, ठोकून ठोकून घट्ट.
मी बजावलं होतं, नववी तेवढी सैल ठेव. विसरला मेला.
मजुरीतले वीस पौंड कापले मी.

आणि त्या रात्री नववी वाजली.
करकरली नाही, धपकली.
बाई चढते तशी नाही.
दोन दोन पायऱ्या एका ढांगेत,
मधेच थबकून, बादलीतलं गरम पाणी डचमळू नये म्हणून,
आणि वरून कुणीतरी ओरडेल म्हणून पुन्हा पळत.
विल्फ कुशीवर वळून म्हणाला, लाकूड बसतंय.
बसत असेल.
मी छताकडं बघत पडून राहिले.
एमसच्या थापेत एक जागा रिकामी होती,
कबुतर काही परत येणार नव्हतं.

सकाळी पाहुणे खाली उतरतात,
डोळे तांबारलेले, पण खूश.
ऐकली हो आम्ही बाई!
मी म्हणते, बाईच ती. दुसरं कोण?
बिलात अकरा पौंड जादा लावते.

रात्री मागच्या खिडकीत पावाचा एक तुकडा ठेवते.
सकाळी नसतो.
उंदीर असतील.
असोत.
लोणी मात्र हल्ली जरा जाड लावते.